बैल (अंशतः)

कृष्णातला जगातल्या एकाच प्रश्नाचा मनापासून राग यायचा. "ह्ये काय हाय?" हा तो प्रश्न, आणि नागझरवाडीत त्याला दुसरा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं.

पहिल्यांदा तो त्याच्या आईने, बनाबाईने विचारला. विहिरीच्या दगडातल्या भेगेचा फोटो तिने उभा धरला, आडवा धरला, मग पदराने पुसला. पुसूनही भेग जाईना तेव्हा तिने दुकानदाराला शिव्या घातल्या, की चांगला कागद देत नाही मेला. शेजारच्या सोपानने तर कृष्णातला फोटो काढताना प्रत्यक्ष पाहिलं होतं. गुऱ्हाळाच्या काहिलीवर चढलेल्या मळीत कॅमेरा खुपसून बसलेल्या कृष्णातला तो मायेने म्हणाला, "जरा मागं सरक रं गड्या, म्हंजे समदं ईल." कृष्णातला समदं नकोच होतं. पण हे सोपानला सांगणं म्हणजे म्हशीला व्याकरण शिकवण्यापैकी होतं, आणि म्हैस निदान सल्ला तरी देत नाही.

राहीबाईचं प्रकरण जरा जास्त झालं. तिचा जालिंदर फौजेत, दूर सरहद्दीवर. त्याला पाठवायला माझा एक फोटो काढ म्हणून ती लुगडं बदलून, कुंकू ठसठशीत लावून दारात उभी राहिली. कृष्णातला तिच्यापेक्षा सारवलेल्या भिंतीवर पडलेली तिची सावली बरी वाटली. आठ दिवसांनी सावलीचा फोटो हातात पडला तेव्हा राहीबाईने सगळी आळी गोळा केली. "माजा ल्योक तिकडं बर्फात हुबा हाय, आन त्येला तू आईची सावली धाडतोस? मी काय मेले व्हय रं भाड्या?" याला कृष्णातकडे उत्तर होतं, पण ते इंग्रजी मासिकातलं होतं.

ही सगळी आग लावली ती सांगलीच्या मोने सरांनी. कृष्णात सांगलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता, आणि मोने सर तिथे शिकवायचे अर्थशास्त्र, पण जीव सगळा कॉलेजच्या छायाचित्र मंडळात. त्यांनी कुठूनसं एक परदेशी मासिक पैदा केलं होतं. त्यातले फोटो दाखवून ते डोळे मिटून सांगत, "वस्तू विसरा, रेषा पाहा. अमूर्ताला वर-खाली नसतं, डावं-उजवं नसतं, आणि मुख्य म्हणजे त्याला नाव नसतं." ज्या गावात बांधावरच्या बाभळीलासुद्धा कुणाच्या तरी आज्ज्याचं नाव असतं, त्या गावच्या पोराला हे ऐकून मोकळं वाटलं नसतं तरच नवल.

कॅमेरा मात्र वडिलांचा. वडील म्हणजे हवालदार सयाजी जगदाळे, फौजेतल्या खेचरांच्या तुकडीतून पेन्शनवर आलेले. येताना त्यांनी मिलिटरी कॅन्टीनमधून तो कॅमेरा आणला तो आपला आणि आपल्या बैलाचा एक फोटो काढून घ्यावा म्हणून. त्यांच्या मते फोटोत माणूस बुटापासून टोपीच्या तुऱ्यापर्यंत सबंध आला पाहिजे, आणि सावधान उभा पाहिजे. पोराने काढलेले फोटो ते एकदाच चाळत, आणि कॅमेरा बिघडलाय असं समजून गप्प बसत. बिघाड पोरात आहे हे त्यांच्या ध्यानात यायचं होतं.

हवालदारांचा बैल म्हणजे हरण्या. आटपाडीच्या बाजारातून वासरू असताना आणलेला खिलार, पांढराशुभ्र, शिंगं अशी की टोकाला टोक. फौजेतली सवय म्हणून हवालदार त्याला रोज सकाळी खरारा करत. खरारा म्हणजे घोड्याखेचरांचं अंग घासायचा लोखंडी दातांचा ब्रश. बैलाला खरारा करणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि हरण्याही खरारा झाल्याशिवाय वैरणीला तोंड लावत नसे. दर बेंदराला, म्हणजे आषाढातल्या बैलांच्या सणाला, गावच्या वेशीत आंब्याच्या पानांची आणि गवताची कर बांधतात, ती तोडायचा मान जगदाळ्यांच्या बैलाचा. मान पिढीजात, पण अट एक. बैल बिनखोडीचा पाहिजे.

आषाढ लागायच्या सुमारास एका सकाळी हवालदार हरण्याला खरारा करत होते. झरोक्यातून आलेलं तिरपं ऊन वशिंडाच्या बगलेवर पडलं होतं, आणि तिथली केसांची उलट वळलेली लांबट रेघ, जिला बैलवाले गोम म्हणतात, ती उन्हात चमकत होती. कृष्णातने कॅमेऱ्यापुढे वडिलांच्या चष्म्याची काच धरली, कारण त्याशिवाय इतक्या जवळचं येत नसे, आणि खटका दाबला. हवालदार नंतर दुपारपर्यंत चष्मा शोधत होते.

कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत तो फोटो मोठा करताना कागद औषधाच्या ताटलीत उलटा तरंगला. कृष्णात बघतच राहिला. दरीत काहीतरी कोसळत होतं, पाणी की प्रकाश ते कळत नव्हतं, पण कोसळत होतं आणि संपत नव्हतं. त्याने कागद सुलटा केला. बैल. पुन्हा उलटा केला. बैल गेला, दरी आली. आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी असं केलंय की ते काय आहे हे आपल्यालाही सांगता येत नाही, याचा त्याला फार आनंद झाला.

मंडळाचं प्रदर्शन कॉलेजच्या हॉलमध्ये व्हायचं होतं. पण ते साल शहात्तर, आणीबाणीचं. हॉल सरकारी शिबिरासाठी घेतला गेला, आणि शिबिर कसलं हे त्या वर्षी मोठ्याने विचारायची पद्धत नव्हती. खटपटी करून मोने सरांनी बाजारात येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या एका निवासाचा हॉल मिळवला. भिंतीवर फोटो आणि फोटोंखाली पथाऱ्या, अशी ती व्यवस्था होती.

तिथल्या हेडक्लार्कने कृष्णातला तासभर समोर उभं केलं. भिंतीवर काहीही लावायचं तर त्यात आक्षेपार्ह काही नसल्याची नोंद हवी होती, आणि नोंदीत रकाना होता विषयाचा. कृष्णात म्हणाला, विषय नाही. क्लार्क म्हणाला, विषय नाही तर त्यात आक्षेपार्ह नाही हे मी कशाच्या आधारावर लिहू? कृष्णातने रेषा, पोत, अवकाश वगैरे समजावलं. अवकाश म्हटल्यावर क्लार्क जरा दचकला आणि चहा मागवून एकट्यानेच प्याला. शेवटी त्याने विचारलं, "अहो, काढलाय तरी कशाचा?"

"बैलाचा. पण..."

"सगळा दिसत नाही."

"नाही."

क्लार्कने लिहिलं, 'बैल (अंशतः)'. फोटोखालच्या चिठ्ठीवरही तेच लिहिलं, कृष्णात सयाजी जगदाळे, नागझरवाडी, विषय बैल (अंशतः). मग जांभळी शाई लावून 'तपासले' असा शिक्का त्याने टेबलावर उलट्या पडलेल्या फोटोच्याच कोपऱ्यात हाणला. कृष्णातला वाटलं, तोच शिक्का उचलून क्लार्कच्या कपाळावर मारावा. पण त्या साली शिक्क्यांशी भांडायची सोय नव्हती. त्याने दात खात फोटो उलटा, म्हणजे दरीच्या बाजूने, खिळ्याला लावला.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. कोल्हापूरहून आलेले परीक्षक फोटोसमोर इतका वेळ उभे राहिले की खाली झोपलेल्या एका शेतकऱ्याने त्यांना जागा करून दिली. यात अधःपाताची वेदना आहे, असं ते म्हणाले. आता बेंदूर झाला की प्रदर्शन उतरणार, आणि हा फोटो मोने सर पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनाला घेऊन जाणार होते. तोवर भिंतीवरून हलवायचा नाही एवढीच अट. कृष्णात दोन दिवस सांगलीच्या रस्त्यांवरून मान ताठ ठेवून चालला. कुणी विचारेल, ओळखेल, या आशेने तो भेळेच्या गाडीशीही थोडा जास्तच रेंगाळला. कुणी विचारलं नाही ते सोडा.

ओळखणारा माणूस निवासात येऊन पोचला होता.

नानासो म्हणजे नागझरवाडीचा बैलातला शेवटचा शब्द. दात, खूर, शेपटीचा गोंडा, गोम, भोवरा, नुसता हात फिरवून तो बैलाची कुंडली सांगे. गूळ घेऊन सांगलीला आलेला नानासो रात्री निवासात निजला आणि पहाटे जाग आल्यावर त्याने डोळे उघडले ते थेट फोटोवर. दरी त्याला दिसली नाही. अधःपाताची वेदना दिसली नाही. त्याला दिसली खिलार बैलाच्या वशिंडाजवळची गोम, आणि तिचं तोंड खाली. नागझरवाडीत लेकरूदेखील सांगेल, चढती गोम घर भरती, उतरती गोम घर गिळती. मग त्याने चिठ्ठी वाचली आणि शिक्का वाचला. आपण रातभर उतरत्या गोमेखाली निजलो होतो, या विचाराने त्याला घाम फुटला. गुळाचे रवे आडत्याच्या गळ्यात मारून तो पहिल्या यष्टीने गावी आला आणि घरी न जाता थेट पारावर गेला.

पुढचं काम गावाने केलं. अशा कामात गाव कधी आळस करत नाही. गेल्या साली हवालदारांची विहीर आटली ती का, सोपानची शेळी पोटफुगीने मेली ती का, राहीबाईची सावली फोटोत का आली, सगळ्याचा उलगडा तासाभरात झाला. हवालदार तणतणत आले आणि हरण्यालाच पारावर आणून उभा केला. म्हणाले, घ्या, बघा डोळ्यांनी. सगळ्यांनी बघितलं. गोम चढती होती, बोट लावून दाखवावी इतकी चढती.

"आत्ता चढती हाय," नानासो म्हणाला. "पर हवालदार, गावात कुणी बैलाला खरारा मारत न्हाई. तुमी रोज सकाळी दारं लावून मारता. उगंच?"

हवालदारांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा गाजरासारखा झाला. खाली वळलेले केस ते रोज खराऱ्याने वर वळवतात, असा तो आरोप होता. ज्या माणसाच्या आवाजाने बर्फातली खेचरं रांगेत यायची, त्याला नीट ओरडताही येईना. ते एवढंच म्हणाले, की बैल समोर उभा असताना तुम्ही कागदाचं ऐकता?

"त्या कागदावर तपासल्याचा शिक्का हाय," नानासो म्हणाला. "तुमच्या बैलावर हाय का?"

बैल खोटा आणि फोटो खरा, हे त्या क्षणी पक्कं झालं. असली अक्कल रानात उगवत नाही, ती पारावरच पिकते. ठरलं ते असं, की यंदा कर नानासोच्या बैलाने तोडावी आणि हरण्याने रांगेत सगळ्यात मागे चालावं. नानासो नको नको म्हणत होता. म्हणताना त्याने बैलाच्या शिंगांचा रंग पलूसहून मागवलाही होता.

बेंदराच्या आदल्या सांजेला कृष्णात बक्षिसाची बातमी घेऊन घरी आला. आईने ताट वाढलं ते भांडी आपटत, आणि पारावर झालेलं सगळं त्याला ऐकवत. जेवण झाल्यावर हवालदार समोर येऊन उभे राहिले.

"त्यो फोटू उलटा लावलाईस का सुलटा, एवढंच सांग."

"त्याला वर-खाली नसतं आबा."

"बैलाला असतंय," हवालदार म्हणाले.

कृष्णातने समजावायचा प्रयत्न केला. रेषा म्हणाला, पोत म्हणाला. मग स्वतःचाच आवाज ऐकून त्याला राग आला. नानासोचा, शिक्क्याचा, मोने सरांचा, आणि गोठ्यात निवांत रवंथ करणाऱ्या हरण्याचासुद्धा. एक वाक्य बोललं की मिटत होतं, फोटो उलटा आहे म्हणून. पण उलटा म्हणायचं तर सुलटा मानायचा, सुलटा मानला की तो बैल झाला, आणि बैल झाला की दरी गेली, बक्षीस गेलं, पुणं गेलं. हवालदार म्हणाले, बेंदूर झाला की हा कॅमेरा विहिरीत, आणि तू पुढच्या भरतीला. ते शिव्या देऊन गेले असते तर कृष्णातला बरं वाटलं असतं.

सकाळी बैल धुवायची गडबड सगळ्या गावात होती. जगदाळ्यांच्या गोठ्यात मात्र खरारा खुंटीला होता. हवालदार हरण्याला नुसत्या पाण्याने धूत होते, हाताने, तेही दारं सताड उघडी टाकून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं. हरण्या मान वळवून वळवून खुंटीकडे बघत होता. पुढ्यातल्या वैरणीला त्याने तोंड लावलं नव्हतं. पुरणाच्या वासातून कृष्णात तसाच उठला आणि सांगलीच्या यष्टीत जाऊन बसला.

हॉलमध्ये मंडळाची पोरं होती, मोने सर होते आणि हेडक्लार्कही. फोटो सुलटा करायचाय म्हटल्यावर सर आणि क्लार्क दोघेही एकदम उखडले, आणि त्या दोघांचं एकमत झालेलं मंडळाने पहिल्यांदाच पाहिलं. क्लार्क म्हणाला, फोटो फिरवला की शिक्का उलटा होतो, आणि उलट्या शिक्क्याचा अर्थ तपासणी झाली नाही. मोने सर म्हणाले, "तू तो फिरवलास की तो बैल झाला. बैलाला पुण्यात कोण विचारतो? खाली उतरवलास तर बक्षीस रद्द समज."

"आमच्या गावात विचारतात सर," कृष्णात म्हणाला आणि त्याने फोटो खिळ्यासकट ओढून काढला. भिंतीचा पोपडाही बरोबर आला. एरवी त्याने पोपड्याचाही फोटो काढला असता. क्लार्क गेटपास, गेटपास करत रस्त्यापर्यंत मागे आला. मोने सर आले नाहीत. त्यांनी नुसती पाठ फिरवली, आणि ते कृष्णातला क्लार्कपेक्षा जास्त लागलं.

यष्टीत फोटो मांडीवर मावेना. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता मान वाकडी करून विचारलं, "ह्ये काय हाय?"

"बैल हाय. उलटा धरलाय," कृष्णात खेकसला. सगळी यष्टी मागे वळली. कंडक्टरने नंतर त्याच्याकडे सुटे पैसेसुद्धा मागितले नाहीत.

तो पोचला तेव्हा मिरवणूक वेशीशी आली होती. कर बांधलेली, हलगी तापलेली, पुढे नानासोचा बैल झूल घालून, शिंगांना बेगड लावून. सगळ्यात मागे हरण्या, आणि त्याची वेसण धरून हवालदार. त्यांनी फौजेचा कोट घातला होता आणि त्यावर पदकं लावली होती. मागच्या धुळीत ती दिसतही नव्हती. कृष्णात गर्दीत घुसला, वेशीच्या ओट्यावर चढला आणि फोटो डोक्यावर धरला, जसा भिंतीवर होता तसा. बायांनी लेकरं पदराआड घेतली. हलगी थांबली.

मग त्याने तो फिरवला.

"मी उलटा टांगला व्हता," तो म्हणाला. शहरात शिकलेली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "हरण्यात खोट न्हाई. खरारा बी खोटा न्हाई. माज्या हातानं झालंय."

नानासो पुढे आला. त्याने फोटो घेतला, हरण्यापाशी नेला आणि वशिंडाला लावून धरला. जुवाने पडलेला घट्टा इकडेही होता, तिकडेही. गोचिडीचा डाग इकडे, तिकडे. केसाला केस लावून झाल्यावर नानासोचा चेहरा उतरला आणि मग चढला. "म्हंजे मी गुळाचा सौदा टाकून आलो त्यो चांगल्या बैलापायी?" तो ओरडला. पण खोटं त्याला बोलता येईना. बैलाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. कुणीतरी म्हणालं, पण आता शिक्का उलटा झाला. नानासोने त्याला झिडकारलं. "मारनाऱ्यानंच उलटा मारला आसंल. बैलातलं काय कळतंय त्येला." असं म्हणून त्याने आपल्या हाताने आपला बैल रस्त्यातून बाजूला घेतला. काल शिक्का देव होता, आज शिपाई झाला. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हवालदार हरण्याला घेऊन पुढे आले. ओट्यापाशी थांबले.

"मग सुलटा का न्हाई टांगलास?"

"उलटा चांगला दिसत व्हता आबा."

हवालदारांनी सगळ्या गावादेखत त्याच्या कानाखाली एक ओढली. मग हरण्याच्या पाठीवर थाप मारली. हरण्याने मान खाली घातली, शिंगं करीला लावली आणि एका हिसक्यात ती तोडली.

पुण्याला दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो गेला. मोने सर कृष्णातशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. कॅमेरा विहिरीत गेला नाही, कारण कुणी विषयच काढला नाही. राहीबाईचा सबंध फोटो निघाला, जोडव्यांपासून कुंकवापर्यंत, सावधान उभी.

वेशीत फिरवलेला तो फोटो हवालदारांनी हरण्याच्या गोठ्यात लावला, सुलटा, खराऱ्याच्या खुंटीशेजारी. चार दिवसांनी सकाळी कृष्णात वैरण टाकायला गेला तर खरारा हातात घेऊन हवालदार भिंतीसमोर उभे होते आणि हरण्या ताटकळला होता. फोटो उलटा लागलेला होता. चुकून झालं असेल म्हणून कृष्णातने हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," हवालदार न वळता म्हणाले. "डोंगरात बर्फ सुटलं की आसंच यायचं खाली. आवाज बी येत नसायचा."

एवढ्यात बाहेर वहाणांचा आवाज झाला. हवालदारांनी दाराकडे बघितलं आणि एकदम करवादले, "बघतोस काय बैलावानी? नानासो येतोय. फिरव त्यो."